फ्रेंच टोस्ट: बाहेरून खरपूस, आतपर्यंत शिजलेला

फ्रेंच टोस्ट बिघडतो तो बहुतेक घरांत एकाच पद्धतीने. वरून छान तपकिरी, कडेला अंड्याची पातळ झालर, आणि मधोमध सुरी घातली की गिच्च ओला. मग अंडी कमी पडली, दूध पातळ होतं, तवा धड नव्हता, अशी कारणं निघतात. माझ्या मते दोनच गोष्टी तपासाव्यात: ब्रेडमध्ये आधीपासून पाणी किती होतं, आणि आच किती होती. बाकीचं सगळं चवीचं.

तव्यावर आपण एकाच वेळी दोन कामं करत असतो. आत दूध-अंड्याचं मिश्रण धरायला हवं. नुसतं अंड्याचं पांढरं ६० अंश सेल्सियसच्या थोडं पुढे गेलं की धरू लागतं, पण त्यात दूध आणि साखर मिसळली की हाच टप्पा वर सरकून ८०च्या आसपास जातो. बाहेर मात्र खरपूस रंग आणि वास यायचा तर पृष्ठभाग साधारण १४० अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि तो ओला आहे तोवर १००च्या पुढे जातच नाही. गॅस मोठा ठेवला तर बाहेरचं काम दीड मिनिटात उरकतं आणि आतलं राहून जातं. अगदीच बारीक ठेवला तर आतलं होतं, पण बाहेरचा थर रंग येण्याआधीच वाळून चामट होतो. म्हणून आच मध्यमाच्या किंचित खाली, आणि ब्रेड कोरडा.

आधी ब्रेडकडे बघू. पाकिटातल्या साध्या सँडविच ब्रेडचा स्लाइस साधारण १२ मिलिमीटर जाड आणि २५ ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यातलं एक तृतीयांशाहून जास्त वजन पाण्याचंच असतं. असा ताजा, लुसलुशीत स्लाइस मिश्रणात सोडला की त्याच्या जाळीच्या भिंती लगेच बसतात आणि उचलताना तो हातात तुटतो.

शिळा ब्रेड घ्या, असं सगळेच सांगतात. त्यात एक गोम आहे. ब्रेड शिळा होतो म्हणजे त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो. त्यासाठी पाणी उडून जावंच लागतं असं नाही. बंद पाकिटात, फ्रीजमध्ये ठेवलेला ब्रेड झपाट्याने शिळा होतो, हाताला कडक लागतो, पण पाणी बरंचसं आतच असतं. तव्यावर गरम झाला की तो परत मऊ पडतो आणि आपण जिथे होतो तिथेच येतो. आपल्याला हवा असतो तो वाळलेला ब्रेड. एका दिवसाचा असो की तीन दिवसांचा, मिश्रणात घालण्याआधी मी तो मुद्दाम वाळवतो.

ओव्हन असेल तर १५० अंशांवर, जाळीवर स्लाइस सुटे मांडून ८ ते १० मिनिटं, मध्ये एकदा उलटून. ओव्हन नसेल तर कोरड्या तव्यावर, गॅस अगदी बारीक करून, प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटं. रंग येऊ द्यायचा नाही. वरून खरखरीत आणि कडक, मधोमध दाबलं तर थोडा नरम, इतपत झालं की पुरे. पॉप-अप टोस्टरमध्ये हे काम नीट होत नाही. तो बाहेरून पटकन भाजतो, आत ओल राहते, आणि आधीच भाजलेली बाजू पुन्हा बटरमध्ये परतली की करपट लागते. पुण्या-नाशिककडे एप्रिल-मे महिन्यात ब्रेड रात्रभर जाळीवर उघडा ठेवला तरी सकाळी आयता वाळलेला मिळतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हा उद्योग करू नये. हवाच इतकी दमट की ब्रेड वाळण्याऐवजी सादळतो, आणि नशीब फुटकं असेल तर बुरशीही धरतो. तिथे तवाच बरा.

जाड स्लाइस हवे असतील तर बेकरीत न कापलेला अख्खा ब्रेड मागून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी दात्यांच्या सुरीने घरी कापायचा. २ सेंटिमीटर जाडी उत्तम. आत नरम कस्टर्ड आणि बाहेर कुरकुरीत थर, असा फरक जाड स्लाइसमध्येच जिभेला कळतो. पातळ स्लाइसचा टोस्टही चांगला होतो, पण तो एकसंध नरम लागतो. मिल्क ब्रेड यासाठी छान, कारण त्याची जाळी बारीक आणि सारखी असते. मोठ्या भोकांचा साअरडो, म्हणजे नैसर्गिक आंबवणाचा ब्रेड, वापरला तर मिश्रण एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने तव्यावर सांडतं. गव्हाच्या ब्रेडला मिश्रण आत घ्यायला जास्त वेळ लागतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

मिश्रणाचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एका अंड्याला ६० मिलिलिटर दूध, म्हणजे चार मोठे चमचे. पाकिटातल्या चार पातळ स्लाइसना २ अंडी आणि १२० मिलिलिटर दूध. २ सेंटिमीटरच्या चार जाड स्लाइसना ३ अंडी आणि १८० मिलिलिटर. २ अंड्यांना साखर एक मोठा चमचा, म्हणजे १२ ग्रॅमच्या आसपास, आणि मीठ चिमूटभर. खारं बटर वापरणार असाल तरी ही चिमूट वगळू नका, फक्त लहान करा. मिठाशिवाय अंड्याचा वास पुढे येतो. दूध याहून वाढवलं तर मिश्रण धरायला वेळ लागतो आणि मधला भाग ओलाच राहतो. कमी केलं तर ब्रेडला आम्लेट चिकटवल्यासारखी चव येते.

साखरेच्या बाबतीत हात आखडता असावा. साखर वाढली की रंग लवकर येतो, आपल्याला वाटतं झालं, आणि आत कच्चं राहतं. गोड हवं असेल तर ते वरून घ्यावं. गूळ घालायचा असेल तर बारीक चिरून थंड दुधात पूर्ण विरघळवावा, कारण गरम दुधात गूळ पडला की दूध फाटण्याची भीती. गुळाने टोस्टचा रंग आणखी गडद येतो, तेव्हा आच त्या मानाने कमी.

दूध फुल क्रीम, ६ टक्के स्निग्धांशाचं असेल तर उत्तम. ३ टक्क्यांच्या टोन्ड दुधानेही काम भागतं, त्यात मग एक चमचा साय घालतो. आपल्याकडे दूध तापवलेलंच असतं, तेव्हा दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, ते पूर्ण निवलेलं हवं. कोमट चालेल, पण वाफाळतं दूध अंड्यात ओतलं की अंड्याच्या गुठळ्या होतात. दुसरं, सायीचे तुकडे तसेच राहू द्यायचे नाहीत. ते ब्रेडवर जिथे चिकटतात तिथे काळपट डाग पडतात. साय वेगळी काढून आधी चमच्याने घोटावी आणि मग मिसळावी.

कालवण्याचा क्रम असा. पसरट भांड्यात आधी अंडी, मीठ आणि साखर. दालचिनी पूड घालायची तर याच वेळी, साखरेत मिसळून. दूध घातल्यावर वरून भुरभुरवली तर ती तरंगत राहते आणि पहिल्याच स्लाइसला सगळी चिकटते. काट्याने मिनिटभर फेटायचं. काटा वर उचलला की त्याला पांढऱ्याचे चिकट दोरे लोंबताना दिसले तर अजून फेटायला हवं, कारण ते दोरे ब्रेडमध्ये शिरत नाहीत. वरच बसतात आणि तव्यावर त्यांचे पांढरे रबरी ठिपके होतात. मग दूध, पाव चमचा व्हॅनिला किंवा दोन वेलदोड्यांची पूड, आणि शेवटी एकदा रसाच्या गाळणीतून गाळून घ्यायचं. चहाची गाळणी फार बारीक पडते. मिक्सरमध्ये फिरवू नये. फेस होतो आणि तो ब्रेडवर बसून जाळीदार साल धरतो. फिरवलंच असेल तर पाच मिनिटं तसंच ठेवून फेस खाली बसू द्यावा.

वेलची घातली की व्हॅनिला नको. दोन्ही एकत्र घालणाऱ्यांचं मला कोडं आहे.

भिजवण्यासाठी खोल वाडगं कामाचं नाही. काठ असलेलं ताट किंवा केकचा चौकोनी डबा घ्यावा, म्हणजे स्लाइस आडवे, एकाच थरात राहतात. वाळवलेला पातळ स्लाइस एका बाजूला १५ ते २० सेकंद, मग उलटून तेवढाच. जाड स्लाइसला एका बाजूला दीड मिनिटापर्यंत लागतं. न वाळवलेला पातळ स्लाइस असेल तर पाच-सहा सेकंदांतच बाहेर काढावा लागतो, आणि तितक्यात मिश्रण मधोमध पोचलेलं नसतं. घड्याळापेक्षा बोट खरं: मधोमध हलकेच दाबायचं. आत कडक गाभा लागला तर अजून थोडा वेळ. बोट रुतून खड्डा तसाच राहिला तर वेळ जास्त झाला.

आता एक पायरी, जी बहुतेक जण गाळतात. भिजवलेला स्लाइस झाऱ्यावर उचलून पाच-सात सेकंद निथळू द्यायचा आणि मग थेट तव्यावर न टाकता ताटात मिनिटभर ठेवायचा. जाड असेल तर दोन-तीन मिनिटं. एवढ्या वेळात पृष्ठभागावरचं मिश्रण आत सरकतं. कडेची झालर येते ती न निथळलेल्या मिश्रणाचीच.

चपातीचा खोलगट लोखंडी तवा टाळावा. बटर मध्ये गोळा होतं आणि स्लाइसच्या कडा अधांतरी राहतात. सपाट डोशाचा तवा, बिडाचा तवा किंवा नॉनस्टिक पॅन घ्यावं. बिडाचा तवा तापायला पाच मिनिटं लागतात, पण एकदा तापला की ओला स्लाइस पडला तरी फारसा थंडावत नाही. आपल्या शेगडीच्या मोठ्या बर्नरची आच तव्याच्या मधल्या कड्यावरच लागते. लहान बर्नरवर मध्यम आच ठेवली तर रंग जास्त सारखा येतो. तवा तयार आहे का ते पाण्याच्या थेंबाने कळतं. थेंब चुरचुरत दोन-तीन सेकंदांत आटला तर ठीक. मण्यासारखा गोल होऊन तव्यावर पळत सुटला तर तवा फारच तापलाय, गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं.

नुसतं बटर लवकर जळतं, कारण त्यात दुधाचे घन कण असतात. मी दोन स्लाइसना एक लहान चमचा बटर आणि अर्धा लहान चमचा साधं तेल घेतो. तेलाने ते कण जळायचे थांबत नाहीत, पण बटर कमी पडल्याने त्यांचं प्रमाण घटतं. साजूक तुपात हे कण नसतात, त्यामुळे ते करपत नाही. वेलचीच्या टोस्टला तूपच शोभतं, व्हॅनिलाच्या टोस्टला तुपाचा वास जड होतो.

बटर तव्यावर पडलं की आधी वितळतं, मग त्यातलं पाणी उडताना पांढरा फेस येतो आणि चर्र असा आवाज होतो. हा आवाज मंदावेपर्यंत थांबायचं. फेस विरळ होत जातो, कडेने बटर सोनेरी दिसू लागतं आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारा वास येतो. स्लाइस टाकायची वेळ तीच. आधी टाकला तर ब्रेड कच्चं बटर पिऊन तेलकट होतो. नंतर टाकला तर काळे ठिपके चिकटतात. टाकल्यावर आवाज सौम्य, सलग यायला हवा. तडतड झाली तर आच कमी करायची; आवाजच आला नाही तर स्लाइस तव्यावर उकडतोय असं समजायचं.

पहिली तीन मिनिटं त्याला हात लावू नये. सतत कालथा घालून बघितलं की अर्धवट धरलेला थर सुटून तव्याला चिकटतो. कडेकडे बघत राहावं: खालची किनार आधी पिवळी मळकट, मग फिकट तपकिरी होते, आणि कालथा घातला की स्लाइस आपण होऊन सुटतो. उलटल्यावर कडेने थोडं बटर सोडायचं. दुसऱ्या बाजूला रंग लवकर येतो, दोन-अडीच मिनिटं पुरतात. जाड स्लाइसला प्रत्येक बाजू चार ते पाच मिनिटं, आणि उलटल्यावर पहिली दोन मिनिटं झाकण. वाफेने आतलं मिश्रण धरतं, पण कवच नरम पडतं, म्हणून शेवटची दोन मिनिटं झाकण काढूनच. मग चिमट्याने धरून चारही कडा तव्यावर दहा-दहा सेकंद टेकवायच्या.

झाला की नाही हे रंगावरून ठरवू नये. झालेला टोस्ट मध्ये किंचित फुगतो, बोटाने दाबला तर परत वर येतो आणि कडेने काही पाझरत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध निदान ७१ अंश दिसायला हवेत. अंड्याच्या पदार्थांना तेवढं तापमान सुरक्षित धरतात. माझ्या हिशेबाने ७५ ते ८० हे चवीलाही बरोबर. त्याच्याही फार पुढे गेलं की अंडं आवळतं आणि पाणी सोडतं, आणि मग जास्त शिजलेला टोस्टही ओलाच लागतो. या दोन ओल्यांत फरक ओळखता येतो: कच्चा असेल तर आत पिवळट चिकट द्रव दिसतो, जास्त झाला असेल तर दाबल्यावर स्वच्छ पाणी सुटतं आणि घास रबरी लागतो. पहिल्याला परत तव्यावर, झाकणाखाली दोन मिनिटं. दुसऱ्याला इलाज नाही, वर मध ओता आणि खा.

दुसरी खेप टाकण्याआधी तवा कागदाने पुसून घ्यावा. पहिल्या खेपेचे जळके कण तिथेच असतात, आणि ‘पहिले दोन सुंदर झाले, नंतरचे काळे पडले’ ही तक्रार त्यामुळेच. झालेले टोस्ट ताटात एकावर एक रचू नयेत, खालचे वाफेने भिजतात. पापड भाजायची जाळी ताटावर ठेवून तिच्यावर सुटे ठेवावेत.

वरून काय घ्यायचं हे ज्याचं त्यानं बघावं. मध, पिठीसाखर, केळ्याचे काप, हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, मे महिन्यात हापूसच्या फोडी. एक मात्र करून बघण्यासारखं आहे: शेवटच्या मिनिटाला वरच्या बाजूवर अर्धा चमचा साखर पसरायची, स्लाइस उलटा करून ती बाजू ३०-४० सेकंद तव्यावर ठेवायची. साखर वितळून काचेसारखा कडक थर बसतो. तवा नॉनस्टिकच हवा, नाहीतर ती साखर खरवडण्यात सकाळ जाईल.

अंडं न खाणाऱ्यांसाठी कस्टर्ड पावडरचा मार्ग बरा. २०० मिलिलिटर थंड दुधात दीड मोठा चमचा पावडर आणि एक मोठा चमचा साखर. पावडर सतत तळाशी बसते, म्हणून प्रत्येक स्लाइसआधी ढवळायचं. यात धरून ठेवणारा आहे तो कॉर्नफ्लोअरचा स्टार्च; तो शिजेपर्यंत स्लाइस तव्याला घट्ट चिकटतो आणि शिजला की सुटतो. तोवर ओढाताण केली तर अर्धा थर तव्यावरच राहतो. ब्रेड इथे नीट वाळवलेलाच हवा, आणि भिजवायचं कमी, कारण अंड्याइतकी घट्ट पकड याला येत नाही.

तिखट फ्रेंच टोस्ट, कांदा-मिरचीचा, आपल्याकडे गोडाइतकाच चालतो, पण त्याला वरचं प्रमाण लावू नका. २ अंड्यांना दोन मोठे चमचे दूध पुष्कळ झालं. कस्टर्ड नकोच आहे, अंड्याची चव हवी आहे. छोटा अर्धा कांदा आणि एक हिरवी मिरची अगदी बारीक चिरून, कोथिंबीर, चिमूट हळद, पाव लहान चमचा मीठ. मीठ लागलं की कांदा पाणी सोडतो, म्हणून हे सगळं तवा तापल्यावरच कालवायचं. ब्रेड बुडवला की कांदा भांड्यातच राहतो, ही नेहमीची रड. त्यावर उपाय असा: स्लाइस नुसत्या अंड्यात बुडवून तव्यावर टाकायचा, उरलेलं कांद्याचं मिश्रण चमच्याने वरच्या बाजूवर पसरायचं, मिनिटभर थांबून ते थोडं धरलं की उलटायचं. इथे आच मध्यम, गोड टोस्टपेक्षा जरा जास्त, नाहीतर कांदा शिजतो पण भाजत नाही. तेलातच करावा. सोबत हिरवी चटणी किंवा सॉस.

पावाचाही होतो. लादीपाव आडवा मधोमध कापायचा, कापलेली बाजू कोरड्या तव्यावर वाळवायची आणि तीच बाजू २० सेकंद भिजवायची. वरच्या सालीची बाजू फक्त बुडवून काढायची. ब्रून, म्हणजे कडक सालीचा पाव, असेल तर काप करून प्रत्येक बाजू दोन मिनिटं भिजू द्यावी, त्याचं कवच सहजी नरमत नाही.

शाळा-ऑफिसच्या दिवशी एवढा वेळ नसतो, तेव्हा रविवारी जास्तीचे करून ठेवता येतात. पूर्ण गार करून, प्रत्येकाच्या मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवले तर महिनाभर चांगले राहतात. काढल्यावर वितळायची वाट न बघता थेट टोस्टरमध्ये मध्यम आकड्यावर, किंवा बारीक गॅसवर झाकण ठेवून तीन-चार मिनिटं आणि शेवटी झाकण काढून एक मिनिट. मायक्रोवेव्हमध्ये गरम केले तर मऊ आणि चिवट होतात. भिजवलेले पण न भाजलेले स्लाइस मात्र रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे तर फक्त २ सेंटिमीटरचे, वाळवलेले. पातळ स्लाइस सकाळपर्यंत ताटातून उचलताही येत नाहीत.